बंद पडलेला संगणक : निदान आणि दुरुस्ती

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील दिवा लागेनासा झाला म्हणजे मनुष्य प्रथम दिवा बदलून पाहतो, मग बटण पाहतो आणि अखेरीस फ्यूज पाहतो. या क्रमांत शहाणपण आहे. परंतु संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे हेंच शहाणपण बहुतेकांस सोडून जातें. पडद्यावर अक्षर उमटत नाहीं, पंखा फिरत नाहीं, बटण दाबून दाबून बोट दुखूं लागतें. आणि मग जाणता म्हणून बोलावलेला एखादा गृहस्थ यंत्राकडे एकवार दृष्टि टाकून सांगतो कीं, ‘मदरबोर्ड गेला.’ मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सर्व अवयव ज्यावर जोडलेले असतात तो मोठा फलक. तो महाग असतो, आणि यंत्र जुनें असल्यास मिळतही नाहीं. मग सबंध यंत्र मोडींत निघतें. पुष्कळ वेळां मात्र दोष या फलकाचा नसून त्यास वीज पुरविणाऱ्या पेटीचा असतो. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा हा प्रकार कसा टाळावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

टेबलावरील संगणकाच्या मागच्या बाजूस, भिंतीकडून आलेली जाड वायर जेथें खोंचतात तेथें, एक पत्र्याची लहान पेटी बसविलेली असते. बाजारांत तिला एस्. एम्. पी. एस्. या आद्याक्षरांनीं ओळखतात. भिंतींतील वीज २३० व्होल्ट दाबाची असून सेकंदास ५० आवर्तनें करणारी, म्हणजे सारखी दिशा पालटणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांस अशी वीज चालत नाहीं. त्यांस १२, ५ आणि ३.३ व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी व स्थिर अशी वीज लागते. हा पालट घडवून आणणें हें त्या पेटीचें काम होय.

जुन्या रेडिओंत हेंच काम लोखंडी गाभ्याचा वजनदार ट्रान्सफॉर्मर करीत असे. या पेटीची रीति निराळी आहे. ती आलेली वीज प्रथम एकदिश करते आणि एका मोठ्या कपॅसिटरांत सांठविते. २३० हा आंकडा विजेच्या लाटेच्या शिखराचा नव्हे. शिखर त्याच्या सुमारें १.४१ पट उंच असतें. म्हणून या कपॅसिटरवरील दाब ३२५ व्होल्टांच्या आसपास चढतो. नव्या धर्तीच्या कांहीं पेट्यांत तो ४०० च्या जवळपासही असतो. नंतर ट्रान्झिस्टर या सांठ्यांतील प्रवाह सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करतात. हा वेग जितका अधिक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणूनच लोखंडाचें मोठें ओझें जाऊन त्याच्या जागीं मुठींत मावेल एवढा फेराइटचा ठोकळा येतो. बाहेर पडणारा दाब सारखा मोजला जात असतो. तो किंचित् ढळला कीं चालू-बंदचें प्रमाण पालटून पूर्ववत् केला जातो. १९७७ सालीं निघालेल्या ॲपल-२ या संगणकांत रॉड होल्ट यांनीं आंखलेला याच जातीचा पुरवठा होता. १९८१ सालच्या आय्. बी. एम्. च्या पी. सी. ला ६३.५ वॅटांची पेटी पुरत असे. आतां ३०० ते ६०० वॅटांच्या पेट्या सर्रास दिसतात.

१९९५ सालीं इंटेल कंपनीनें ए. टी. एक्स्. नांवाचा आराखडा प्रसिद्ध केला. तेव्हांपासून या पेटीच्या पोटांत वस्तुतः दोन पुरवठे असतात. मोठा पुरवठा संगणक चालू असतांनाच काम करतो. दुसरा लहान पुरवठा मात्र, भिंतीवरील बटण चालू आहे तोंपर्यंत अहोरात्र जागा राहतो. त्याचे ५ व्होल्ट जांभळ्या तारेवर येतात. त्याच्याच बळावर मदरबोर्ड पुढच्या बटणाची हांक ऐकतो आणि हिरव्या तारेवरील दाब खालीं ओढून मोठ्या पुरवठ्यास ‘चालू हो’ अशी आज्ञा देतो. मोठा पुरवठा स्थिर झाला म्हणजे करड्या तारेवर ‘दाब ठीक आहे’ अशी खूण येते. उरलेल्या तारांपैकीं पिवळी १२ व्होल्टांची, तांबडी ५ व्होल्टांची, नारिंगी ३.३ व्होल्टांची आणि काळी शून्याची. कांहीं नव्या पेट्यांत सगळ्याच तारा काळ्या असतात. तेथें रंगावर न जातां जोडणीच्या खोबणींतील स्थान पाहावें लागतें. एवढें ज्ञान हाताशीं असलें म्हणजे रोग्याची नाडी कोठें पाहावयाची हें कळतें.

कोंकणांतील एका तालुक्याच्या गांवीं शाळेच्या कचेरींत घडलेली हकीकत या ठिकाणीं उपयोगी पडेल. तेथील संगणक कांहीं महिन्यांपासून सकाळच्या वेळीं हटवादीपणा करीत असे. बटण दाबून तो जागचा हालत नसे. परंतु भिंतीवरील बटण लावून अर्धा तास तसेंच ठेवलें, कीं विनातक्रार सुरू होई. शाळेच्या शिपायानें यावर आपल्यापुरती तोड काढली होती. दार उघडतांच तो प्रथम भिंतीवरील बटण लावी आणि मग झाडलोट करी. झाडलोट संपेपर्यंत यंत्र तयार होई. पुढें अर्ध्या तासाचा एक तास झाला. आणि जून महिन्यांत, पावसाची झड लागलेली असतां, एके दिवशीं तें मुळींच सुरू होईना.

वेळ मोठी अडचणीची होती. दहावीचा निकाल लागलेला. शाळा सोडल्याचे दाखले घेण्यासाठीं पालक छत्र्या मिटून ओसरीवर उभे. मागील तीन वर्षांच्या नोंदी केवळ त्या यंत्रांतच होत्या. जवळच्या शहरांतून आलेल्या दुरुस्ती करणाऱ्यानें नेहमींचा निर्णय दिला : मदरबोर्ड गेला, तो आतां मिळत नाहीं, नवें यंत्र घ्या; नोंदींचें सांगवत नाहीं. सादिलवारीची सारी शिल्लक खर्चिली तरी नवें यंत्र येण्यासारखें नव्हतें. शेवटीं मुख्याध्यापकांनीं कचेरीच्या भाऊसाहेबांना आणि शिपायाला, यंत्र घोंगडींत गुंडाळून, बाजारपेठेंतील एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तकाकडे पाठविलें. गांव त्याला अण्णा म्हणे.

अण्णांनीं यंत्र उघडलें नाहीं. त्यांनीं विचारलें, “भाऊसाहेब, हा एकाएकीं गेला, कीं आधीं आजारी होता?”

भाऊसाहेब म्हणाले, “कालपर्यंत बरा चालत होता.”

शिपाई मागें उभा होता. तो संकोचानें म्हणाला, “बरा कसला, अण्णा? सकाळीं तासभर ऊब दिल्याशिवाय उठतच नव्हता.”

दुरुस्तीची पहिली पायरी या एका वाक्यांत चढून झाली. भाऊसाहेबांस जी गोष्ट सांगण्यासारखी वाटली नव्हती, तींतच रोगाचें लक्षण होतें. अण्णांनीं त्यांस प्रथम धीर दिला कीं, नोंदी मदरबोर्डांत नसून निराळ्या तबकडींत असतात. ती काढून बाजूस ठेवली म्हणजे पुढें कांहींही झालें तरी नोंदी सुरक्षित राहतील. तशी ती काढली. मग तपासणीस आरंभ झाला.

ऊब मिळाल्यावर यंत्र चालतें, याचा अर्थ काय? या पेट्यांतील बहुतेक कपॅसिटर अल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी करून, त्यांच्यामध्यें ओलसर द्रावण मुरवून केलेले असतात. वर्षानुवर्षें उष्णतेंत राहून हें द्रावण आटतें, आणि कपॅसिटरचा आंतील रोध वाढतो. थंडींत तो अधिकच वाढतो. आसपासचे भाग तापले कीं थोडा उतरतो. म्हणून म्हातारा कपॅसिटर सकाळीं काम करीत नाहीं आणि उबेनंतर करतो. साधारण नियम असा कीं, दर १० अंश सेंटिग्रेड उष्णता वाढली कीं अशा कपॅसिटरचें आयुष्य निम्मे होतें. सदैव जागा राहणाऱ्या लहान पुरवठ्यांतील कपॅसिटर याला आधीं बळी पडतात, कारण त्यांना विश्रांति नाहीं.

हा झाला तर्क. तर्काला मापाची जोड दिल्यावांचून निदान पुरें होत नाहीं. अण्णांच्या हाताखालीं शिकत असलेल्या मुलानें भिंतीची वीज आणि वायर दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिली. दोन्ही ठीक होतीं. मग मल्टिमीटरची काळी कांडी काळ्या तारेला व तांबडी कांडी जांभळ्या तारेला लावली. तेथें ५ व्होल्ट हवे होते. कांटा शून्याजवळ किंचित् थरथरला, एवढेंच.

परंतु एवढ्यानें पेटी दोषी ठरत नाहीं. मदरबोर्डांत कोठें तारेस तार चिकटल्यासारखा दोष असेल, तर निरोगी पेटीचाही दाब असाच खालीं बसतो. म्हणून मुलानें पेटीची मोठी जोडणी मदरबोर्डापासून सोडविली आणि तेंच माप पुन्हां घेतलें. दाब वर आला असता तर संशय मदरबोर्डाकडे गेला असता. तो वर आला नाहीं. पेटी एकटी असतांही मूकच होती. या दोन मिनिटांच्या मापानें संन्याशाची सुटका झाली. शहरांतील गृहस्थानें हें एक माप घेतलें असतें तर शाळेचा दिवस फुकट गेला नसता.

जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले असते तर पुढचा प्रश्न हिरव्या तारेला विचारावयाचा. पुढचें बटण दाबलें असतां तिचा दाब शून्याजवळ उतरला नाहीं, तर दोष बटणांत किंवा मदरबोर्डांत. तो उतरला आणि तरीही १२, ५ व ३.३ व्होल्ट आले नाहींत, तर दोष पेटींत किंवा तिच्यावरील भारांत. अशा वेळीं एकेक भार सोडवून पाहावा. सुटी काढलेल्या पेटीची हिरवी तार काळीशीं जोडून पंखा फिरतो कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति पुष्कळांना माहीत असते. ती चांगली आहे. पण पंखा फिरला म्हणजे पेटी निर्दोष, असें मात्र समजूं नये. बिनओझ्याचा बैल चालतो. ओझें घातल्यावर चालतो कीं बसतो, हें पाहावें लागतें.

आतां पेटी उघडण्याचा प्रसंग आला. मुलानें वायर काढली, चार स्क्रू सोडविले आणि आंतील फलक उचलण्यास हात घातला. अण्णांनीं त्याचें मनगट धरलें.

“अरे, वायर काढून किती वेळ झाला?”

“पांच मिनिटें झालीं असतील, अण्णा. वीज कुठली आतां?”

“आधीं माप. मग सांग मला.”

मुलानें मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांस मीटर लावला. मीटरनें २१० व्होल्ट दाखविले. मुलाच्या तोंडावरचें पाणी पळालें.

ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते, आणि ती ठाऊक नसणें जिवावर बेतूं शकतें. पेटी निरोगी असेल तर वायर काढल्यावर तिच्यांतील पुरवठेच सांठलेली वीज झपाट्यानें खाऊन टाकतात. पेटी मेलेली असेल तर सांठा खाणारा कोणी उरत नाहीं. आंतील बारीक रोधांतून तो सावकाश झिरपत राहतो. म्हणजे मेलेली पेटी चालत्या पेटीपेक्षां उघडणाऱ्यास अधिक घातक असते. ३३० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांत ३२५ व्होल्ट असतांना सुमारें १७ जूल शक्ति सांठलेली असते. कांहीं लोक स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून हा सांठा रिकामा करतात. त्यानें ठिणगी उडते, धातु वितळून उडतो आणि भाग बिघडतात. योग्य रीति म्हणजे १० हजार ओहम रोधाचा व १० वॅटांचा रेझिस्टर, चांगल्या आवरणाच्या तारांस जोडून, कपॅसिटरच्या टोकांशीं धरावा. असा सांठा पंधरा-वीस सेकंदांत जवळजवळ रिता होतो. तरी पुन्हां मापावें, आणि मीटर शून्याशीं आला म्हणजेच हात लावावा.

त्या २१० व्होल्टांनीं आणखीही एक गोष्ट सांगितली. वीज मोठ्या कपॅसिटरपर्यंत पोंचली होती. अर्थात् फ्यूज शाबूत होता आणि वीज एकदिश करणारे डायोडही काम करीत होते. दोष त्यांच्या पुढें होता. लहान पुरवठ्याच्या कोपऱ्यांत दोन कपॅसिटरांचीं डोकीं फुगलेलीं दिसलीं. तिसरा ४७ मायक्रोफॅरडचा, दिसण्यांत अगदीं धडधाकट होता. परंतु आंतील रोध मोजणाऱ्या मीटरवर तो २५ ओहम भरला, जेथें नवा एका ओहमच्या आसपास भरतो. पुरवठ्याच्या चालक चिपला उठवण्याचें काम याच तिसऱ्याचें होतें. फुगलेला तेवढाच वाईट असें धरून दोनच बदलले असते, तर यंत्र दुसऱ्या सकाळीं पुन्हां निजलें असतें. तिन्ही काढले. तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टांत कमी नसलेले, १०५ अंशांचे आणि कमी आंतररोधाचे नवे बसविले, अधिक-उणें टोकें तपासलीं आणि डाख दिला.

मूल पेटी मिटूं लागलें. अण्णांनीं मात्र तिचा पंखा बोटानें फिरवून पाहिला. तो अर्धा वेढा घेऊन थांबला. पात्यांवर धुळीचा आणि समुद्राकडील दमट हवेचा मिळून राप बसला होता. आंतील तेल वाळलें होतें. वारा बंद झाल्यानें पेटी तापत गेली आणि तापल्यानें कपॅसिटर वाळले. कपॅसिटर मेलेले होते; मारेकरी पंखा होता. तो तसाच ठेवला असता तर नवेही जुन्यांच्या वाटेनें गेले असते. पंखाही नवा घातला.

दुरुस्त पेटी एकदम भिंतीच्या विजेवर लावीत नाहींत. तारेच्या जुन्या धर्तीचा ६० वा १०० वॅटांचा दिवा मालिकेंत जोडून तिला प्रथम वीज देतात. दिवा क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजानें जळतच राहिला तर आंत कोठें तरी थेट जोड आहे असें समजावें. दिवा असल्यानें वाढता प्रवाह तेथेंच अडतो आणि नवे भाग वांचतात. येथें दिवा मंदावला. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट उभे राहिले. मग मालिकेंतला दिवा काढून, मोटारीचे १२ व्होल्ट २१ वॅटांचे चार दिवे पिवळ्या तारेवर भार म्हणून लावले. १२ व्होल्टांचें माप ११.४ ते १२.६ मध्यें, ५ चें ४.७५ ते ५.२५ मध्यें आणि ३.३ चें ३.१४ ते ३.४७ मध्यें असावें लागतें. तिन्ही मापें दोन तास या मर्यादेंत राहिलीं.

भाऊसाहेब घाईला आले होते. “अण्णा, आतां चालतो आहे ना? द्या बांधून. पालक उद्यां पुन्हां येणार.”

अण्णा म्हणाले, “हा संध्याकाळचा रोगी नव्हे, भाऊसाहेब; सकाळचा आहे. रात्रभर थंड होऊं द्या. सकाळीं उठला तर बरा झाला म्हणेन.”

भाऊसाहेब रिकाम्या हातांनीं परतले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, पाऊस पडत असतां, त्यांच्यासमोर बटण दाबलें आणि यंत्र पहिल्या हांकेस उठलें. दुपारीं दाखले निघूं लागले. त्यापूर्वीं, अण्णांच्या सांगण्यावरून, तिन्ही वर्षांच्या नोंदींची नक्कल दुसऱ्या तबकडीवर करून ती मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवली गेली. वास्तविक हें काम तीन वर्षांपूर्वींच व्हावयास हवें होतें.

सर्वच बिघाड इतके सौम्य नसतात. फ्यूजची कांच आंतून काळी पडली असेल तर नवा फ्यूज घालून पाहण्याचा मोह आवरावा. फ्यूज उगाच जळत नाहीं. डायोड, ट्रान्झिस्टर आणि आवक बाजूचे इतर भाग तपासून थेट जोड सांपडल्यावरच तो बदलावा. यंत्र सुरू होतें, पण जड काम देतांच आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होतें, अशा वेळीं भार असतांना १२ व्होल्टांचें माप घ्यावें; मात्र मीटरला दाब बरोबर दिसूनही त्यावर बारीक लहरी असूं शकतात, आणि त्या ऑसिलोस्कोपवरच स्पष्ट दिसतात. जुन्या पेट्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असा खटका असतो. तो चुकून ११५ वर राहिला आणि येथील वीज दिली, तर आंतील दाब दुप्पट होऊन मोठा आवाज होतो व पेटी जळते. संगणकाचें घड्याळ रोज मागें पडणें हा मात्र या पेटीचा रोग नव्हे. तेथें बहुधा मदरबोर्डावरील लहान बॅटरी संपलेली असते.

शेवटीं, कोणती पेटी दुरुस्त करूं नये हेंही दुरुस्तकानें जाणलें पाहिजे. ट्रान्सफॉर्मर जळलेला, फलक कोळसा झालेला, किंवा पत्र्यावर मोठे वॅट लिहून आंत संरक्षणाचे भागच गाळलेले, अशा पेटीवर श्रम करणें म्हणजे गिऱ्हाइकाच्या यंत्राशीं जुगार खेळणें होय. अशी पेटी बदलण्यास सांगणें यांत कमीपणा नाहीं. आणि ज्याला या कामाची संवय नाहीं, त्यानें पेटीचें झांकण उघडूंच नये. बाहेरून करण्यासारखें पुष्कळ आहे. भिंतीची वीज पाहणें, वायर बदलणें, पंख्याची धूळ वेळचे वेळीं झाडणें, नोंदींची नक्कल ठेवणें, ओळखीची चांगली पेटी मिळाल्यास ती जोडून पाहणें, आणि मुख्य म्हणजे यंत्रानें दाखविलेलीं लक्षणें ध्यानांत ठेवून दुरुस्त करणाऱ्यास नीट सांगणें, एवढें कोणासही करतां येईल. त्या शाळेंत हें शेवटचें काम शिपायानें केलें, म्हणून दाखले वेळेवर निघाले.